संगणकातला जॉबर



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही, "संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम कशी असावी," असे सांगितले. त्यांनी तो आमच्याकडून दोनदा वदवून घेतला. युनियनच्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे, फार तर श्रमसंहितांवर बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते आणि तीत गैर काही नाही. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींची भाषाच बदलली आहे. पूर्वी कामगार म्हणे, "मुकादमाने माझा खाडा मांडला." आता तो म्हणतो, "सिस्टिमने मांडला." मुकादम निदान चहाच्या टपरीवर सापडत असे. चार माणसे घेऊन गेले की तो सबब सांगे, आणि सबब सांगितली म्हणजे पुढचे बोलणे सुरू होई. ही सिस्टिम कोणत्या टपरीवर चहा पिते, हे शोधणे आम्हाला भाग पडले. आम्ही इंजिनियर नव्हे. जे काही शिकलो ते पुस्तके चाळून, आणि जाणत्या मुलांना न लाजता विचारून. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते त्या शास्त्रातल्या पंडिताचे निरूपण नाही. कारखान्याच्या दारात उभे राहून त्या यंत्राकडे पाहणाऱ्या माणसाचे बोलणे आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय? आपल्या संगणकात किंवा हातातल्या फोनमध्ये काम करणारे जे यंत्र आहे, त्याच्या एका गाभ्यावर एका क्षणी एकच प्रोग्रॅम चालू शकतो. असे गाभे बहुधा चार-आठ, कधी अधिक. आणि काम मागणारे प्रोग्रॅम? काहीच चाललेले नाही असे आपल्याला वाटते तेव्हासुद्धा शंभराच्या वर. या सर्वांना पाळीपाळीने काम द्यायचे, एकाला काही सहस्रांश सेकंद द्यायचे, मग त्याला बाजूला करून दुसऱ्याला पुढे घ्यायचे, कोणाला स्मृतीत किती जागा द्यायची ते ठरवायचे, फायलींच्या आणि कॅमेऱ्याच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि जो दांडगाई करील त्याला बाहेर काढायचे, हा सगळा कारभार जो प्रोग्रॅम करतो तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम.

मुंबईच्या गिरण्यांची ज्यांना माहिती आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. हा तर जॉबर! सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगार उभे राहत, आणि आज कोणाला साच्यावर घ्यायचे, कोणाला परत पाठवायचे, हे जॉबर ठरवी. भरती त्याची, कामाची वाटणी त्याची, शिस्तही त्याचीच. मालक क्वचितच दिसे; कामगाराच्या दृष्टीने गिरणी म्हणजे जॉबर. इतका अधिकार एका ठिकाणी साठल्यामुळे दस्तुरीची कीड लागली, आणि १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात या पद्धतीवर टीका झाली. संगणकातल्या जॉबरला दस्तुरी लागत नाही. पण अधिकार एका ठिकाणी किती साठू द्यावा, तो कोणत्या नियमाने वाटावा, आणि तो वापरला गेल्याची नोंद कोणाला पाहता यावी, हे प्रश्न त्यालाही सुटलेले नाहीत. गेली साठ वर्षे जगातले उत्तम डोक्याचे लोक यावरच भांडत आले आहेत.

आता थोडा इतिहास. अमेरिकेत १९६०-७० च्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज या तिघांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची एक प्रचंड प्रणाली बांधायला घेतली. एकाच मोठ्या यंत्रावर सगळ्या शहराने वीज वापरावी तसा संगणक वापरावा, असा तो मनोरथ. काम लांबत गेले, आणि १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजने अंग काढून घेतले. तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांच्या हातचे खेळणे गेले. मग थॉम्प्सनने पीडीपी-७ नावाच्या एका लहान यंत्रावर स्वतःपुरती छोटी प्रणाली लिहिली. मल्टिक्सची थट्टा म्हणून तिचे नाव पडले युनिक्स. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात जो लिनक्स आहे, आणि आयफोनच्या पोटात जे आहे, ते या थट्टेचेच वंशज.

युनिक्सचे तत्त्वज्ञान साधे होते. एका प्रोग्रॅमने एकच काम करावे, पण ते चोख करावे. आणि एकाचे उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल व्हावे. हे दुसरे कलम डग्लस मॅकिलरॉय या गृहस्थांचे. बागेत पाणी घालायच्या नळीला दुसरी नळी जोडावी तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असे त्यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवले होते. पुढे नऊ वर्षे ते हाच लकडा लावीत राहिले. शेवटी १९७३ मध्ये थॉम्प्सनने एका रात्रीत ही सोय प्रणालीत बसवली. तिला 'पाइप' म्हणतात. एखादी रास्त मागणी मान्य व्हायला नऊ वर्षे लागावीत, हा अनुभव आम्हाला परका नाही. पण मान्य झाल्यावर अंमल एका रात्रीत व्हावा, हा मात्र आहे.

पाइपाने काय साधते ते युनियनच्या उदाहरणाने सांगतो. वर्गणीदारांच्या यादीत पाच हजार नावे आहेत, निरनिराळ्या खात्यांतून आलेली, पुष्कळ दुबार. एक प्रोग्रॅम नावे अकारविल्ह्याने लावतो, बाकी त्याला काही येत नाही. दुसरा लागोपाठ आलेली सारखी नावे एकदाच ठेवतो, त्यालाही बाकी काही येत नाही. तिसरा फक्त मोजतो. तिघांना नळीने जोडले की सभासद किती हा आकडा हाती येतो. आणि हे काम पुरे करणारा 'वर्गणी प्रोग्रॅम' कोणी लिहिलेलाच नसतो! ब्लो-रूमचा कापूस कार्डिंगला, कार्डिंगची पेळू पुढे, रिंग फ्रेमचे सूत वाइंडिंगला, अशी ती मांडणी. मौज अशी की ज्याने अकारविल्हे लावणारा प्रोग्रॅम लिहिला त्याला आपल्या वर्गणीची कल्पनाही नव्हती. त्याने जोडणीची जागा मोकळी ठेवली, एवढेच त्याचे औदार्य.

आजच्या फोनमध्ये ही जागा बुजवलेली आहे. प्रत्येक अ‍ॅप ही एक स्वतंत्र गिरणी, स्वतःचे कुंपण, स्वतःचा दरवान. एका अ‍ॅपमधला हिशेब दुसऱ्यात न्यायचा तर माणूस कागदावर लिहून घेतो आणि पुन्हा टंकतो, किंवा पडद्याचा फोटो काढून पाठवतो. ज्या यंत्राने नक्कल करण्याचे कष्ट संपवायचे, त्याच्यासाठी माणूस नक्कलनवीस झाला आहे. युनिक्सची पद्धत निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. सगळा व्यवहार साध्या अक्षरांच्या ओळींतून चाले, आणि फायलीच्या नावात मोकळी जागा आली की कित्येक लहान प्रोग्रॅम गोंधळत. तिघांना जोडणारा संकेत अधिक काटेकोर हवा होता. पण संकेत सुधारणे वेगळे आणि जोडणीच बंद करणे वेगळे.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. तो अधिकाराचा.

युनिक्स जन्मले तेव्हा एका यंत्रावर पुष्कळ माणसे काम करीत. भीती ही, की एकाने दुसऱ्याची फाइल उघडू नये. म्हणून नियम असा केला की दारात माणसाचे नाव विचारायचे, आणि नाव पटले की त्या माणसाने चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला त्या माणसाचे सगळे अधिकार द्यायचे. त्या काळी ते ठीक होते. आज उलट झाले आहे. यंत्र एकाच माणसाचे असते, आणि त्याच्यावर चालणारे प्रोग्रॅम मात्र शेकडो परक्यांनी लिहिलेले. तरी टेबलावरच्या बहुतेक संगणकांत नियम मूळचाच आहे. पत्ते खेळायचा प्रोग्रॅम आपण उघडला, तर आपले पत्रव्यवहार, आपले बँकेचे कागद, मुलीच्या लग्नाचे फोटो हे सगळे उघडण्याचा अधिकार त्यालाही मिळतो. कारण तो 'आपला' प्रोग्रॅम! घरी रंगाऱ्याला बोलावले म्हणून कोणी तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देत नाही. संगणक देतो.

यातून होणाऱ्या अनर्थाचा एक फार बोधप्रद किस्सा नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये छापला. अमेरिकेत एक कंपनी संगणकाचा वेळ भाड्याने देत असे. तिच्या यंत्रावर एक भाषांतरकार प्रोग्रॅम, ज्याला कंपायलर म्हणतात, सर्व गिऱ्हाइकांसाठी ठेवला होता. किती काम केले याची नोंद एका राखीव कप्प्यात लिहिण्याचा अधिकार त्याला दिला होता. त्याच कप्प्यात कंपनीच्या बिलांची फाइल होती. कंपायलरला गिऱ्हाईक असेही सांगू शके, की तुझा तपशील अमुक नावाच्या फायलीत लिही. एका गिऱ्हाइकाने नाव दिले बिलांच्या फायलीचे. गिऱ्हाइकाला स्वतःला त्या फायलीला हात लावता येत नव्हता. पण कंपायलरला येत होता. त्याने आज्ञाधारकपणे तपशील लिहिला, आणि कंपनीची बिले पुसली गेली. हार्डींनी या प्रकाराला 'गोंधळलेला प्रतिनिधी' असे नाव दिले. गुन्हेगार कोणीच नाही. कंपायलर दोन धन्यांची कामे करीत होता, आणि हातातला कोणता अधिकार कोणत्या धन्यासाठी वापरतो आहे हे सांगण्याची सोय त्याच्या दुनियेत नव्हती.

हे आम्हाला चटकन समजले, कारण वाटाघाटींना प्रतिनिधी पाठवण्याचे काम आम्ही तीस वर्षे करीत आहोत. युनियनचा प्रतिनिधी मालकाच्या खोलीत जातो तेव्हा त्याच्याजवळ ठराव असतो. बोनसवर बोल, अमुक टक्क्यांखाली उतरू नकोस, पाळ्यांच्या प्रश्नाला हात लावू नकोस. 'हा युनियनचा माणूस आहे, तेव्हा याने काहीही कबूल करावे,' असा ठराव कोणती शहाणी युनियन करील? संगणकशास्त्रात अशा नेमक्या ठरावाला 'केपेबिलिटी' म्हणतात. आपण त्याला परवाना म्हणू. प्रोग्रॅमच्या हाती नावाचा बिल्ला देण्याऐवजी एका विशिष्ट फायलीचा, एका विशिष्ट कामापुरता परवाना द्यायचा. परवाना नाही तर ती फाइल त्याला दिसतच नाही. ही कल्पना डेनिस आणि व्हॅन हॉर्न यांनी १९६६ मध्ये मांडली, आणि कामापुरताच किमान अधिकार द्यावा हे सूत्र सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिले. म्हणजे उपाय जुना आहे. अंमलबजावणी तेवढी राहिली.

फोनमध्ये ती थोडी झाली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून अ‍ॅप कॅमेरा, पत्ते, ठिकाण यांसाठी वेळेवर परवानगी मागते. पण या परवानगीचे स्वरूप पाहा. खोकी सामान पोचवणारा पोऱ्या सकाळी अ‍ॅप उघडतो. ठिकाण पाहू का? नाही म्हटले तर काम नाही. फोटोंना हात लावू का? नाही म्हटले तर काम नाही. जिथे 'नाही' म्हणण्याचा दंड म्हणजे दिवसाची मजुरी, तिथे 'होय'ला संमती म्हणता येत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याचीच ही सुधारलेली तऱ्हा झाली. प्रणाली इथे तटस्थ पंच नसते, अ‍ॅपवाल्याचा निरोप्या होते.

याला उत्तर प्रश्न वाढवण्यात नाही, ते प्रश्नच अनावश्यक करण्यात आहे. फोटो पाठवायचा तर अ‍ॅपने सगळ्या फोटोंची परवानगी मागूच नये. प्रणालीने स्वतः आपल्यापुढे फोटो मांडावेत, आपण त्यांतला एक निवडावा, आणि तो एकच अ‍ॅपच्या हाती पडावा. निवडणे हीच परवानगी. आयफोनमध्ये निवडक फोटो देण्याची सोय २०२० मध्ये आली, अँड्रॉइडमध्ये फोटो निवडण्याची अशी खिडकी २०२२ मध्ये. ठिकाण अचूक न सांगता अंदाजे सांगण्याची सोयही दोन्हींत झाली आहे. हीच रीत प्रत्येक गोष्टीला लावता येते: एक संपर्क, एक फाइल, कामाच्या पाळीपुरते ठिकाण. पाळी संपली की परवाना आपोआप रद्द. आणि कोणत्या अ‍ॅपने केव्हा काय पाहिले याचे मस्टर प्रणालीने ठेवावे. अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून असा एक फलक आहे. पण तो पाहण्यापुरता. आम्हाला तो कागदावर उतरवून लवादापुढे ठेवता यावा असे पाहिजे. कारखान्याचे हजेरीपत्रक तपासणीसाठी खुले असते, ते मालकाच्या चांगुलपणामुळे नव्हे.

आता एक गंभीर प्रकरण सांगावयाचे आहे. थेराक-२५ हे कर्करोगावर किरणांचा उपचार करणारे कॅनेडियन बनावटीचे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्याकडून अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना मर्यादेबाहेर किरणांचा मारा झाला, आणि त्यांतले काही दगावले. आधीच्या दोन नमुन्यांत धोका झाल्यास यंत्र रोखणारे लोखंडी अडसर आणि विजेचे बंध होते. थेराक-२५ मध्ये त्यांतले बरेचसे काढून तो भार प्रोग्रॅमवर टाकला. पॉवर प्रेसवरचा गार्ड काढला की उत्पादन वाढते आणि बोटे जातात, हे आमच्या भागातल्या कोणत्याही प्रेस ऑपरेटरला ठाऊक आहे. इथे गार्ड काढल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण त्याच्या जागी 'संगणक' होता.

मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी यंत्र चालवणाऱ्या बाईंनी उपचाराचा प्रकार लिहिताना 'ई'ऐवजी 'एक्स' टंकला. चूक लगेच लक्षात आली. बाणाच्या कळीने वर जाऊन त्यांनी ती दुरुस्त केली आणि पुढे गेल्या. रोजच्या सरावाने हात वेगाने चालत होता. यंत्र थांबले आणि पडद्यावर शब्द आले: 'मालफंक्शन ५४'. याचा अर्थ कोणालाच नीट सांगता आला नसता. असले निरोप दिवसातून कितीदा तरी येत, आणि एक कळ दाबली की काम पुढे चाले. बाईंनी ती दाबली. आत रुग्णाला दुसरा झटका बसला. त्या दिवशी आत पाहण्याचा दूरचित्रवाणीचा पडदा आणि बोलण्याची सोय, दोन्ही बंद होते. कंपनीच्या लोकांनी येऊन तपासणी केली, त्यांना दोष दिसला नाही, आणि असा जादा मारा होणे शक्य नाही असे सांगण्यात आले. एप्रिलमध्ये तसाच दुसरा अपघात झाला. पुढे हे दोन्ही रुग्ण वारले.

मग रुग्णालयातले पदार्थवैज्ञानिक आणि त्याच यंत्रचालक बाई खोलीत बसले आणि पुन्हा पुन्हा टंकीत राहिले, जोवर ते 'मालफंक्शन ५४' हुकमी आणता येईना तोवर. गुपित वेगात होते. चुंबके जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागत, आणि तेवढ्या अवधीत दुरुस्ती झाली तर यंत्राचा एक भाग जुना आदेश धरून बसे आणि दुसरा नवा. कंपनीचे इंजिनियर सावकाश टंकीत होते, म्हणून त्यांना दोष सापडत नव्हता. कामाला सरावलेल्या हातालाच तो सापडला. हे वाक्य आम्ही मुद्दाम पुन्हा म्हणत नाही, पण सभागृहातल्या कामगार बंधुभगिनींनी ते टिपून घ्यावे.

याचा ऑपरेटिंग सिस्टिमशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. त्या यंत्राचा अंतर्गत कारभारी खास त्याच्यासाठी लिहिलेला होता. कळा वाचणारे काम आणि चुंबके लावणारे काम, दोघांना तो पाळीपाळीने चालवी. पण दोघे ज्या स्मृतीच्या पाटीवर लिहीत-वाचीत तिला कुलूप नव्हते. एकाच मस्टरवर दोन कारकुनांनी एकाच वेळी लिहायला घेतले तर जे होईल ते झाले. यावर उपाय माहीत नव्हता म्हणावे तर तसेही नाही. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच अशा जागी रेल्वेसारखा सिग्नल कसा बसवावा ते लिहून ठेवले होते, आणि त्या उपायाचे नावही रेल्वेच्या हाताचेच आहे: सेमाफोर. दुसऱ्या अपघातानंतर कंपनीने पहिली तात्पुरती सूचना काय पाठवली? बाणाच्या त्या कळीची टोपी काढा आणि खाली चिकटपट्टी लावा. शहाणपणाची रीत अशी असती, की प्रणाली जेव्हा काम अडवते तेव्हा ते का अडले, आत काय स्थिती आहे आणि पुढे गेल्यास काय होईल, हे चालवणाऱ्याच्या भाषेत सांगावे. आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे 'पुढे चला' ही कळच ठेवू नये. आजही आपल्या पडद्यांवर इंग्रजी आकडेमोडीचे निरोप येतात आणि आपण 'ओके' दाबून मोकळे होतो. मालफंक्शन ५४ ची ही सगळी गरीब भावंडे.

प्रणालीचा जो सर्वांत आतला, सर्वाधिकारी भाग, त्याला कर्नल म्हणतात. हा कर्नल पलटणीतला नव्हे, पण हुकूम तसाच. तो किती मोठा असावा यावर जानेवारी १९९२ मध्ये हॉलंडमधले प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम आणि फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांचा कडाक्याचा वाद झाला. प्राध्यापकांचे म्हणणे, कर्नल लहान असावा, बाकीची खाती बाहेर काढावीत, म्हणजे एक खाते कोसळले तरी राज्य कोसळत नाही. विद्यार्थ्याचे म्हणणे, सगळे एकत्र असले की काम वेगाने होते. बाजारात विद्यार्थी जिंकला. त्याच्या लिनक्सच्या कर्नलच्या आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत, आणि जगातले अव्वल ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. तरी प्राध्यापकांचा मुद्दा मेला नाही. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या रखवालदार प्रोग्रॅमला एक नवी नियमावली धाडली गेली. तीत २१ रकाने होते. वाचणाऱ्याला मिळाले २०. एकविसावा वाचायला तो जिथे गेला तिथे काही नव्हते. हाच प्रोग्रॅम साधा नागरिक असता तर एकटा पडला असता. तो विंडोजच्या कर्नलमध्ये बसला होता, म्हणून अख्खे यंत्र पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे. विमाने अडली, रुग्णालयांची कामे खोळंबली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपत्रक लोकांच्या हाती पडले. ती नियमावली ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. पण बंद पडलेली यंत्रे मागे घेतल्याने उठली नाहीत. पुष्कळ ठिकाणी तंत्रज्ञ एकेका यंत्रापाशी गेले, ते आडमार्गाने सुरू केले आणि ती एक फाइल हाताने पुसली. वृत्तपत्रांत नुकसानीचे आकडे आले. त्या रात्रपाळ्यांचा हिशेब आला नाही.

लहान कर्नल किती लहान आणि किती भरवशाचा असू शकतो, हे सिडनीच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवले. त्यांच्या एसईएल-४ या कर्नलच्या सुमारे ८,७०० ओळी आहेत, आणि त्या सांगितल्याप्रमाणेच वागतात याची भूमितीच्या प्रमेयासारखी सिद्धता त्यांनी दिली. सिद्धतेलाही अटी आहेत. यंत्राचे लोखंडच खोटे वागले तर सिद्धता काय करणार? पण 'प्रोग्रॅम म्हटला की चुका आल्याच' हे म्हणणे तेव्हापासून निदान सर्वत्र लागू करता येत नाही.

इथवर आम्ही यंत्राच्या आतल्या अधिकाराबद्दल बोललो. ते यंत्र कसे असावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचे एक उदाहरण नॉर्वेतले आहे. क्रिस्टन न्यूगार्ड हे तिथले मोठे संगणकशास्त्रज्ञ. ओले-योहान डाल यांच्यासह त्यांनी सिम्युला ही भाषा घडवली, आणि आज जगभर जी 'ऑब्जेक्ट' पद्धतीची प्रोग्रॅमरचना चालते तिचा उगम तिथे आहे. हाच माणूस १९७१ ते १९७३ या काळात लोखंड व धातू कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेबरोबर बसून काम करीत होता. आरंभी बेत असा, की तज्ज्ञांनी अहवाल लिहायचे आणि कामगारांनी वाचायचे. तो बेत त्यांनी मोडला. अहवाल हे फलित धरायचे नाही. स्थानिक युनियनने स्वतः अभ्यास करून जी कृती केली तेच फलित, अशी नवी व्याख्या केली. त्यातून १९७५ मध्ये मालक आणि कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांत संगणकाबाबत राष्ट्रीय करार झाला, कारखान्याकारखान्यांत या विषयाचे कामगार प्रतिनिधी नेमले गेले, आणि १९७७ च्या कायद्यात कामाचे नियोजन करणाऱ्या प्रणालींच्या रचनेत कामगारांना सहभाग मिळाला. पुढे १९८१ ते १९८५ मध्ये स्वीडन-डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी छपाई कामगारांच्या संघटनांबरोबर 'यूटोपिया' नावाचा प्रकल्प केला. हवे ते यंत्र अजून बाजारात नव्हते, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यांचे संगणक केले, एका खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असे लिहिले, आणि जुळारी त्यांच्यापुढे बसून खोटे खोटे काम करून पाहू लागले. हात कुठे अडतो ते पुठ्ठ्यावरही कळते, आणि पुठ्ठा बदलायला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडे आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी १९६०-७० च्या दशकात कलकत्त्यात संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला, आणि १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांशी यंत्रीकरणाचा करार केला. त्या वेळी प्रश्न होते यंत्रे कुठे बसवायची, किती बसवायची आणि कोणाची नोकरी जाणार नाही ना. ते प्रश्न त्या काळाचे होते आणि योग्य होते. आज यंत्र कामगाराच्या खिशात आहे, ते त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले आहे, आणि त्यातला जॉबर मात्र दुसऱ्याचा हुकूम मानतो.

यंदाच्या मागणीपत्रात आम्ही तीन कलमे घातली. कामाचे अ‍ॅप पाळी संपताच ठिकाण पाहणे बंद करील. अ‍ॅपने काय पाहिले याची नोंद कामगाराला दर महिन्याला पगारपत्रकासोबत मिळेल. आणि अ‍ॅपने केलेला दंड का केला, हे मराठीत, आकड्याविना, कळवले जाईल. व्यवस्थापनाच्या वकिलांनी उत्तर दिले की अ‍ॅप बाहेरच्या कंपनीने केलेले आहे. त्या कंपनीला पत्र घातले, तर तिचे म्हणणे, पहिल्या कलमाची सोय फोनच्या प्रणालीत आहे तेवढीच वापरता येते. आम्ही प्रणालीची छापील माहितीपुस्तिका मिळवली, दोन मुलांना बसवून वाचून घेतली, आणि ठिकाणाची परवानगी फक्त अ‍ॅप वापरात असतानापुरती मागता येते हे लिहिलेले पान पत्राला जोडून पाठवले. पुढची बैठक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.